दाजी, ते मॉरिशस होतं का?

आज पहाटेही ते आलं नाही, दाजी. उजाडायच्या आधीपासून मळ्यात मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर हेडफोन लावून बसलो होतो. रेडिओचा काटा तुम्ही दाखवलेल्याच जागी होता. तिथं रोज असतं तेच होतं, आपल्याकडचं ते दांडगं केंद्र. आधी भजनं, मग बातम्या. त्याच्या खाली आणखी कुणी बोलतंय का म्हणून श्वास धरून ऐकत राहिलो. शेवटी अक्का खालून ओरडली, "बाळू, उतर आता. ऊन आलं. ऊन आल्यावर काय यायचंय डोंबल?"

माझ्या बहिणीलाही आता हे कळतं. मिडियम वेव्हवरची लांबची केंद्रं अंधारातच येतात, उजाडलं की विरून जातात, हे तुम्ही तिला भाकरी थापताना, कांदा निसताना, एकदा तर पाहुण्यांच्या लग्नात अक्षतांच्या मधे सांगितलेलं आहे.

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झाला नाही. सगळे सांगतात, नेवाशाला घरी जा, पुस्तकं वाच, मन रमव. पुस्तक उघडतो, दोन पानं वाचतो आणि उठतो. कशासाठी उठलो ते उठल्यावर आठवत नाही. हे लिहायला बसलो तरी खुर्ची कधी खिडकीशी नेतो, कधी भिंतीशी. मला एका जागी बसता येत नाही हे ऐकून तुम्ही किती हसला असता! कॉलेजच्या ग्रंथालयात एकाच टेबलामागं आयुष्य काढलेला मी. "आमचं पाव्हणं म्हंजी ग्रंथालयाचं कपाट," तुम्ही चारचौघांत म्हणायचात, "फक्त कपाटाला कुलूप नसतं, ह्यांच्या तोंडाला हाय."

हे सगळं सुरू केलं ते मात्र या कपाटानंच. ग्रंथालयातून काढून टाकायच्या मासिकांच्या गठ्ठ्यात मला दूरची केंद्रं ऐकणाऱ्या छांदिष्टांवरचा एक लेख सापडला. मी तो कोल्हारला घेऊन आलो, तुम्हाला गंमत म्हणून दाखवायला. तुम्ही तो ओट्यावर बसून सगळा वाचलात आणि विचारलंत, "म्हंजी आपल्या मळ्यातून इराण ऐकू येईल?" मी म्हणालो, येईल, लेखात तरी तसं आहे. पुढच्या वेळी आलो तर तुम्ही जुना मोठा रेडिओ दुरुस्त करून आणला होता आणि बांधाच्या कडेनं एरियल म्हणून लांबच लांब तार टाकली होती. शेजारच्या मळ्यातले लोक समजले की तुम्ही रानडुकरांसाठी करंट सोडलाय. ते कितीतरी दिवस त्या बांधावरून गुरं नेत नव्हते. तुम्हीही त्यांना खरं सांगितलं नाहीत. "तुडवीत न्हाईत तेच बरंय," म्हणालात.

मग ती स्पर्धा. देशभर विखुरलेली थोडी माणसं दर हिवाळ्यात भरवतात ती. कोट्टयमचे एक वयस्क गृहस्थ संयोजक. नियम साधे: फक्त मिडियम वेव्ह, केंद्राचं नाव स्वतःच्या कानांनी ऐकलेलं पाहिजे, इंटरनेट नाही, ध्वनिमुद्रण नाही. पुरावा कुणी मागत नाही. माणसाचा शब्द धरतात. आपण उतरलो जोडीच्या गटात, आणि त्या गटाचा एकच जादा नियम होता: दोघांनी एकाच वेळी ऐकलेलंच धरायचं.

तो नियम पाळायला तुम्ही काय युक्ती काढलीत! एक रेडिओ, दोन हेडफोन आणि आपण दोघं पाठीला पाठ लावून. म्हणजे एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याला काही कळायला नको. नाव ऐकलं की ज्यानं त्यानं आपापल्या कागदावर लिहायचं आणि मग कागद मागं सरकवायचा. दोन्ही कागद जुळले तरच ते केंद्र आपलं. किती हिवाळे आपण असे बसलो! तुमच्या स्वेटरची ऊब पाठीला लागायची. आता स्लॅबवर बसलं की पाठीला वारा लागतो. मी भिंतीला टेकून बघितलं. भिंत थंड असते.

स्लॅबवर बसायचं तेही अक्काच्या हुकमावरून. उसात बिबट्या फिरतो आणि दोन शहाणी माणसं कान बंद करून अंधारात बसतात, हे तिला मान्य नव्हतं. "वर बसा आन् शिडी वढून घ्या," तिनं बजावलं होतं, "न्हाईतर बिबट्या म्हनंल, ताट वाढूनच ठिवलंय." तुम्ही वरून ओरडलात, "तुझ्या भावात खायला काय हाय गं? नुसती पुठ्ठ्याची बांधनी."

गावानं लाईटच्या नावानं बोटं मोडावीत आणि तुम्ही मात्र लाईट गेली की खूश व्हावं! बल्ब, चार्जर, मोटारींचे स्टार्टर, सगळ्यांची खरखर रेडिओत उतरते. वीज गेली की आकाश कसं धुतल्यासारखं व्हायचं. शेजारच्या वस्तीवरचे दोन बल्ब फार खरखरायचे म्हणून तुम्ही स्वतः जाऊन त्यांना दुसरे बसवून दिलेत आणि कारण काय सांगितलंत? "वहिनी, ह्या बल्बानं डोळे जातात." ती बाई दशक्रियेला आली होती. अक्काला म्हणाली, "लई काळजी करायचे वो आमच्या डोळ्यांची." अक्का रडत होती, ती मधेच हसली.

मला त्या सकाळकडं यायचंय आणि मी टाळतोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पाव्हणं, प्रस्तावना संपली का?"

यंदाचा हिवाळा आपला होता. मस्कतकडचं, इराणातलं, बँकॉकजवळचं, एक ताजिकिस्तानचं, एवढी केंद्रं दोघांच्या कागदांवर जुळली होती. दरवर्षी पहिले येणारे ते केरळातले दोघे भाऊ यंदा आपल्या मागं होते. ते समुद्राकाठी राहतात, त्याचा तुम्हाला भारी राग. "समुद्रावर बसून ऐकनं म्हंजी तळ्यात बसून मासं धरनं. त्यात काय मोठेपना?" आणि तरी यंदा तार तुम्हीच दक्षिणेकडं, जराशी पश्चिमेला कलती टाकलीत. मी म्हणत होतो पूर्वेला टाकू, पूर्वेला देश जास्त, केंद्रं जास्त. तुम्ही म्हणालात, "त्या अंगाला नुसतं पानी हाय. पान्यावरून आवाज लांब येतो. नदीच्या पलीकडून कुनी शिवी दिली तर कशी नीट ऐकू येती?" या वादात मी हरलो, कारण तार तुमच्या हातात होती.

त्या सकाळी धुकं होतं. पाठीला पाठ लावून बसलो होतो. आपल्याकडचं ते दांडगं केंद्र अजून उघडलं नव्हतं, एरवी त्या वेळेला उघडतं. का कुणास ठाऊक, त्या दिवशी उशीर झाला. काट्याच्या त्या जागेवर नुसती समुद्रासारखी सळसळ होती. इतक्यात अक्का खालून हाका मारायला लागली. गोठ्यापाशी ओल्या मातीत पावलं उमटली होती, बिबट्याची की कुत्र्याची तिला कळेना. मी हेडफोन काढला आणि स्लॅबच्या कडेकडं मान वळवून तिला म्हणालो, "नखं दिसतात का बघ. नखं दिसली तर कुत्रं." पाठ तुमच्याच पाठीला होती. आणि मला कळलं, तुमची पाठ ताठ झाली. एकदम, कुणी दोरी ओढावी तशी.

"मॉरिशस!" तुम्ही ओरडलात. "पाव्हणं, मॉरिशस! बाईनं नाव सांगितलं! मराठीतून!"

मी हेडफोन कानाला लावला तोवर तिथं भजन सुरू झालं होतं. दांडगं केंद्र उघडलं होतं.

"ऐकलं का?"

"भजन ऐकलं."

"त्याच्या आधी!"

"त्याच्या आधी अक्काचं ऐकत होतो."

तुम्ही कपाळावर हात मारलात. मग वळून माझ्या समोर बसलात. इतक्या हिवाळ्यांत आपण स्लॅबवर पहिल्यांदाच समोरासमोर बसलो असू. मी म्हणालो, दाजी, मराठी होतं तर रत्नागिरीकडचं एखादं केंद्र घसरलं असेल.

"रत्नागिरीची बाई मॉरिशस कशाला म्हनंल?"

"मॉरिशसबद्दलची बातमी असेल."

"एवढ्या पहाटं?"

"बातम्या पहाटेच असतात."

"अवो, तिकडं आपली मानसं गेल्याली हायती. पिढ्या झाल्या. तुमच्याच पुस्तकात वाचलंय मी."

"पुस्तकात आहे म्हणजे रेडिओवर आलं असं नाही."

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला झोपू देत नाही. आवाज खाली आणून, जरा लाजल्यासारखे म्हणालात, "आपली मराठी न्हवती ती. म्हंजी मराठीच हुती. पन बाई जपून बोलत हुती. पाव्हन्याच्या घरी काचेचा कप धरावा तशी."

मी नियमाला धरून राहिलो. दोघांनी ऐकलेलंच धरायचं. तुम्हीच तर हा नियम माझ्यावर चालवला होता. एका हिवाळ्यात मी इथिओपियाचं नाव स्वच्छ ऐकलं होतं आणि नेमकं त्याच वेळी तुम्हाला शिंक आली होती. तुम्ही नाक पुसत म्हणालात, "म्या न्हाई ऐकलं. सोडा." मी सोडलं, हूं का चूं केलं नाही. मीही आता तेच म्हणालो, सोडा. तुम्ही शिडी लावलीत आणि उतरताना म्हणालात, "तुमी उद्या ऐका. मंग बोलू."

दुसऱ्या दिवशी ते दांडगं केंद्र वेळेवर उघडलं. तिसऱ्या दिवशीही. चहाच्या वेळी भांडलो, जेवताना भांडलो. मी नेवाशाला परतलो तर फोनवर भांडलो. त्याच आठवड्यात तुम्ही कांद्याला पाणी देऊन घरी आलात, चहा मागितलात आणि चहा होईपर्यंत गेलात. शेवटचं बोलणं माझ्याशी आदल्या संध्याकाळी झालं. "रत्नागिरी म्हनू नका हां पाव्हणं, डोकं फिरतंय माझं," असं म्हणून तुम्ही फोन ठेवला होतात. मी पुन्हा लावला नाही. सकाळी लावू म्हटलं.

आता दशक्रियेचं सांगतो. तुम्ही तिथं होतात की नव्हतात यावर आपण वेगळं भांडलो असतो.

प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर रांगेनं बसलेले, एकही खाली येईना. तुमच्या लेकानं, सतीशनं, हात जोडून सांगितलं, आईला जपीन. कावळे बसून. ठिबकचं काम पुरं करीन म्हणाला. कावळे बसून. तुमच्या चुलतभावानं बांधाचा वाद मिटवल्याचं जाहीर करून टाकलं, तरी कावळे बसूनच. लोक कुजबुजायला लागले की जीव कशात तरी अडकलाय. तेव्हा अक्का बायकांमधून उठली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "बाळू, म्हन. त्यांचं ते मॉरिशस पाठवतो म्हन."

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "मॉरिशसला बी जमीन घेतली व्हती का काय ह्यानं?"

सगळा घाट माझ्याकडं बघत होता. मला कावळ्याचं काही वाटत नाही, तुम्हालाही वाटत नव्हतं. तुमच्या वडिलांच्या वेळी तुम्ही मला म्हणाला होतात, गर्दी मागं सरली की कावळा येतो, एवढंच शास्त्र आहे. पण अक्का उभी होती. तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. मी म्हणालो, "पाठवतो, दाजी." आणि कावळा आला. गर्दी मागं सरलेली होती, हेही सांगतो.

तेव्हापासून मला चैन नाही. घाटावर शब्द दिला, पाठवीन. आणि आपल्या जोडीच्या नोंदी ज्या शब्दावर स्वीकारल्या जातात तो शब्द असा की आम्ही दोघांनी ऐकलं. मी ऐकलेलं नाही. कुणी पुरावा मागणार नव्हतं, म्हणून तर खोटं लिहिणं अशक्य होतं. पुरावा मागणारी माणसं असती तर कदाचित फसवलंही असतं.

म्हणून मी कोल्हारला राहिलो आणि रोज पहाटे स्लॅबवर चढायला लागलो. मी एकदा ऐकलं असतं तर निदान मनाची तरी सोडवणूक झाली असती. मधे एकदा रेडिओ आणि गुंडाळीभर तार घेऊन एसटीनं राजूरलाही जाऊन आलो, डोंगरात खरखर कमी म्हणून. तिथं ते दांडगं केंद्र आणखीच स्वच्छ लागलं. लॉजवाल्यानं विचारलं, काय सर्व्हे आहे का? मी हो म्हणालो. एवढं मोठं दुःख त्याला कुठं समजावत बसू?

नकाशा घेऊनही बसलो. सूर्योदयाच्या वेळा काढल्या. दाजी, डिसेंबरात मॉरिशसला आणि कोल्हारला जवळपास एकाच वेळी उजाडतं. इकडं अंधार, तिकडं अंधार, मधे जवळजवळ सगळं पाणी. लांबचा आवाज यायला याहून चांगली घटका नाही. तुम्ही हे न मोजताच तार तिकडं टाकली होती, नदीपलीकडच्या शिवीच्या भरवशावर. येऊ शकतं, एवढं मी आता मान्य करतो. पण येऊ शकतं आणि आलं, यात अंतर आहे. ते अंतर मला ओलांडता येत नाही. आणि तुमची पाठ ताठ झाली होती, हेही माझ्या पाठीला विसरता येत नाही. रत्नागिरी ऐकून कुणाची पाठ अशी होते का?

काल नियमांचा कागद पुन्हा वाचला. एकेरी गटात स्वतः ऐकलेलं पुरतं, दुसऱ्याचे कान लागत नाहीत. पण जोडीनं ऐकलेलं एकेरीत चालत नाही, आणि एका हिवाळ्यात एका माणसाला एकाच गटात राहता येतं. म्हणजे तुमचं मॉरिशस पाठवायचं तर आपल्या जोडीचं नाव मागं घ्यायचं. मस्कत, बँकॉक, ताजिकिस्तान, सगळं सोडायचं. तुमच्या नावावर एकट्या मॉरिशसची नोंद, आणि त्या एका नोंदीवर नंबर कसला येतोय?

चुलीपुढं बसून अक्काला हे समजावून सांगितलं.

"म्हंजी बाकी समदं जानार?"

"सगळं."

"आन् पयला नंबर?"

"तोही."

ती लाकूड आत सारत राहिली. "गावात सांगून बसले हुते, यंदा पयला येतो म्हनून." मग म्हणाली, "त्यांनी ऐकलं असंल का रे, खरं?"

"मला माहीत नाही, अक्का."

"खोटं न्हाई बोलायचे. चुकायचे लई, पन खोटं न्हाई." फुंकणी बाजूला ठेवून विचारलं, "ते असते तर ह्यावर काय म्हनले असते?"

"ओरडले असते."

"कोनावर?"

"माझ्यावर."

"मंग कर," ती म्हणाली.

म्हणून आज स्लॅबवरून उतरल्यावर जोडीचं नाव मागं घेतलं आणि तुमची एकेरी नोंद पाठवली. काय ऐकलं ते तुमच्याच शब्दांत लिहिलं, काचेच्या कपासकट. इंग्रजीत तो कप नीट उतरला नाही, त्याबद्दल माफ करा. खाली लिहिलं की ही नोंद ज्यांची आहे ते आता नाहीत, त्यांनी मला जे सांगितलं तेच कळवतो आहे.

दुपारी कोट्टयमहून संयोजकांचा फोन आला. आधी तुमच्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "तुम्ही दोघं यंदा जिंकला असता, हे तुम्हाला माहीत आहे ना?" मी हो म्हणालो. "तुम्ही त्या सकाळी त्यांच्या शेजारीच होता. तुम्ही ऐकलं?"

"नाही."

"म्हणजे ते मॉरिशस नव्हतं, असं तुमचं मत?"

दाजी, रत्नागिरी हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी उठून उभा राहिलो, खिडकीशी गेलो, परत आलो. पलीकडं ते वाट बघत होते.

"मी ऐकलं नाही, एवढंच मी सांगू शकतो," मी म्हणालो. "ऐकलं त्यांनी. नोंद त्यांच्या नावावर लावा."